काट्यावरची सकाळ

बारामतीची औद्योगिक वसाहत पाहावयास येणारा मनुष्य बहुधा भिगवण रस्त्याने जातो, पियाजिओ, भारत फोर्ज, फेरेरो अशी नावे पाट्यांवर वाचतो, प्रवेशद्वारांवरील पहारे व आतील उंच छपरे पाहतो आणि उद्योग पाहिल्याच्या समाधानाने परततो. परंतु त्या वसाहतीतील दूधधंद्याचे खरे दार तेथून पुष्कळ दूर, इंदापूर तालुक्याच्या सरहद्दीवरील गावांतून, दहा फूट रुंदीच्या गाळ्यांत, पहाटे साडेपाचच्या सुमारास उघडते. असे एक दार उघडताना आणि मिटताना पाहावे, या हेतूने मी गेल्या मार्गशीर्षात सलग चार दिवस एका दूध संकलन केंद्रात जाऊन बसलो. गावात त्याला कोणी संकलन केंद्र म्हणत नाही. ‘डेअरीला दूध घालून येतो’ एवढेच म्हणतात.

गाळ्यातील सामग्री मोजकी होती. दाराशी, दूध घालणाऱ्याला आकडा दिसावा अशा बेताने बाहेर तोंड करून ठेवलेला इलेक्ट्रॉनिक काटा व त्यावर वैधमापन खात्याची मुद्रा. आत टेबलावर दुधातील फॅट आणि एसएनएफ, म्हणजे स्निग्धांशाखेरीजचे घनपदार्थ, सांगणारे एक लहानसे यंत्र. त्याला जोडलेला संगणक. कोपऱ्यात गोळी पेंडीच्या आणि सरकी पेंडीच्या गोण्यांची थप्पी. भिंतीवर जेजुरीच्या खंडोबाची तसबीर, आणि तिच्या खाली दरपत्रक. या दरपत्रकात उभ्या रकान्यातील फॅट आणि आडव्या ओळीतील एसएनएफ जेथे एकमेकांस छेदतात तेथे त्या दुधाचा लिटरमागे भाव लिहिलेला असतो. गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ हे प्रमाण आपल्याकडे मूळ धरलेले आहे. त्याखाली एकेका पॉइंटला कपात होते, आणि त्या कपातीचे आकडे गावातील निरक्षर म्हाताऱ्यांनाही मुखोद्गत असतात.

पहिल्या दिवशी सर्वांत आधी आलेल्या आजींच्या हातात दोन लिटरांची किटली होती, आणि त्यांच्या मागोमाग मोटारसायकलला दोन्ही बाजूंनी चाळीस-चाळीस लिटरांचे कॅन अडकवून आलेला, मुक्त गोठ्यात वीस संकरित गाई बाळगणारा तरुण उभा होता. केंद्र चालविणाऱ्या गृहस्थांना सारे गाव भाऊ म्हणते. त्यांनी किटलीचे झाकण उघडून प्रथम नाक लावले आणि विचारले, “आज्जी, आज दूध कमी कसं?”

“वासरू आजारी हाय बाबा. त्याला जास्तीचं सोडलं.”

“मग औषध वासरालाच दिलंय ना? गाईला न्हाई ना काय टोचलं?”

“न्हाई, न्हाई. गाय चांगली हाय.”

एवढ्या संवादानंतरच दूध चाळणीतून बादलीत गेले. हा प्रश्न शिष्टाचाराचा नव्हता, हे मला चौथ्या दिवशी समजले. त्याविषयी पुढे सांगेन. बादली काट्यावर चढली, आकडा उमटला, भाऊंनी लांब दांड्याच्या पळीने दूध तळापासून चार-पाच वेळा ढवळले आणि मगच नमुना यंत्राच्या नळीखाली धरला. दूध उभे राहिले की त्यातील स्निग्धांश वर येतो. वरचे घेतले तर फॅट जास्त लागते, खालचे घेतले तर कमी. त्यामुळे या पळीच्या चार फेऱ्यांत संकलकाचे इमान किंवा बेइमानी सामावलेली असते, आणि रांगेतील प्रत्येक मनुष्य, इकडच्या तिकडच्या गप्पा मारीत असला तरी, डोळ्याच्या कोपऱ्यातून त्या पळीकडे पाहत असतो. सुमारे मिनिटभराने यंत्राने आकडे दाखविले, पावती बाहेर आली आणि आजींचे दूध कॅनमध्ये ओतले गेले. त्यानंतर वीस गाईंच्या धन्याचे ऐंशी लिटर दूध त्याच पळीने ढवळले गेले व त्याच नळीखाली तपासले गेले. रांगेचा शिरस्ता दुधाच्या परिमाणावर चालत नाही, येण्याच्या वेळेवर चालतो. कॅनमध्ये पडल्यानंतर मात्र आजींचे दूध कोणते आणि त्या तरुणाचे कोणते, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

काट्याविषयी एक गोष्ट नमूद केली पाहिजे, कारण शहरातील वाचकाला ती ठाऊक नसते. काटा वजन करतो आणि पैसा मिळतो लिटरवर. गाईचे एक लिटर दूध सुमारे एक किलो तीस ग्रॅम भरते, म्हणजे शंभर किलो दुधाचे लिटर सत्त्याण्णव होतात. हा भागाकार काट्याच्या पोटातच झालेला असतो आणि बाहेर केवळ त्याचे उत्तर दिसते. भागाकाराचा आकडा कोणता धरला आहे, हे विचारणारा शेतकरी विरळा. मी भाऊंना विचारले तेव्हा त्यांनी माझ्यासमोर पाच किलोचे प्रमाणित वजन काट्यावर ठेवून, कागदावर हिशेब करून, तो आकडा मला पटवून दिला. रांगेतील दोघे-तिघेही त्या कागदावर वाकून पाहू लागले.

माझ्या लहानपणी मामांच्या गावच्या दूधसंस्थेत असे यंत्र नव्हते. तेथे गर्बर नावाच्या स्विस रसायनशास्त्रज्ञाने काढलेली पद्धत चालत असे: काचेच्या जाड नळीत १० मिलिलिटर गंधकाम्ल, त्यावर पिपेटने १०.७५ मिलिलिटर दूध, त्यावर १ मिलिलिटर अमाइल अल्कोहोल, मग रबरी बूच घट्ट बसवून नळी हलवावयाची, आणि ती आम्लाच्या उष्णतेने इतकी तापत असे की फडक्याशिवाय हातात धरवत नसे. हाताने फिरवावयाच्या चक्रात अशा नळ्या पाच मिनिटे गरगर फिरल्या, ऊन पाण्यात उभ्या राहिल्या, म्हणजे काळसर द्रवावर स्निग्धांशाचा सोनेरी स्तंभ तरंगत असे आणि काचेवर कोरलेल्या रेघा मोजून सचिव मोठ्याने आकडा उच्चारीत. ती रीत वेळखाऊ होती, धोक्याचीही होती. सचिवांच्या पांढऱ्या सदऱ्यावर आम्लाची भोके कायमची असत. तथापि तिच्यात एक गुण होता. नळी उजेडासमोर धरली की कोणाही शेतकऱ्याला आपले फॅट स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येई. आजच्या यंत्राचे फॅट पाहता येत नाही. ते कबूल करावे लागते.

हे मी ऐकीव गोष्टीवरून लिहीत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या घरचे दूध एके ठिकाणी जात असे आणि सलग दोन महिने त्याला ३.२ च्या वर फॅट लागेना. वडिलांनी वैरण बदलली, मुरघासात वाळला कडबा मिसळला, ज्या शेवटच्या धारांत फॅट अधिक असते त्या नीट पिळून घेतल्या, आणि आकडा ढळला नाही. अखेरीस त्यांनी एकाच बादलीतील दुधाचे दोन भाग करून एक आमच्या आणि दुसरा शेजाऱ्याच्या कोड नंबरावर घातला; शेजाऱ्याच्या नावावर ३.६ लागले. वडील भांडले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी दूध दुसरीकडे नेण्यास प्रारंभ केला. परंतु त्या दोन महिन्यांत त्यांनी गाईकडे ज्या संशयाने पाहिले, त्याचे दुःख त्यांना पैशांहून अधिक झाले होते, हे मला माहीत आहे.

दुधाचा हिशेब दर दहा दिवसांनी होतो, आणि त्या रकमेला येथे ‘दुधाचा पगार’ म्हणतात. ऊस वर्षा-दीड वर्षाने पैसा देतो. दूध महिन्यातून तीनदा देते. नीरेच्या डाव्या कालव्याचे पाणी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या भागात आले, त्यावर ऊस झाला आणि उसाबरोबर माळेगावचा, सोमेश्वरचा व भवानीनगरचा सहकारी कारखाना उभा राहिला, हा इतिहास सर्वश्रुत आहे. परंतु कालव्याच्या वरच्या अंगाला, जेथे पाट पोचत नाही, तेथील जिरायती कुटुंबाचे वाणसामान, शाळेचे शुल्क आणि दवाखान्याचे बिल या पगारावरच निभावते. पेंडीची गोणी उधारीवर न्यावयाची, तिची रक्कम पगारातून कापावयाची, गाय घेण्यास उचल घ्यावयाची आणि ती दहा-दहा दिवसांनी फेडावयाची, असा हा व्यवहार आहे. कऱ्हेकाठच्या ज्या बारामतीत बाबूजी नाईकांसारख्या पेशव्यांच्या काळातील मातब्बर सावकाराचा वाडा होता, त्या मुलखाला कर्जाचे कौतुक नाही. पण सावकार जमीन लिहून घेत असे आणि भाऊंच्या उचलीला तारण असते ते केवळ उद्या सकाळच्या दुधाचे. २०२२ साली लम्पीच्या साथीत जनावरांचे बाजार बंद झाले, काहींचे दूध एकाएकी निम्म्यावर आले. तेव्हा ज्यांच्या गोठ्यात रोग होता त्यांची कपात भाऊंनी तीन महिने थांबविली. मी वही पाहिली. त्या तीन महिन्यांच्या रकान्यांत ‘बाकी’ एवढाच शब्द होता, आणि पुढे ती बाकी वसूल झाल्याच्या तारखा होत्या. एकाचीही रक्कम बुडालेली नव्हती.

तिसऱ्या दिवशी एक मुलगा दोन वेळा रांगेत उभा राहिला. प्रथम त्याने स्वतःच्या घरचे दूध घातले, मग दुसरी किटली पुढे करून वेगळाच कोड सांगितला. ज्या घरचा तो कोड होता तेथील कर्ता पुरुष बारामतीच्या दवाखान्यात होता आणि त्याची बायको त्याच्यापाशी. त्यांच्या तीन गाईंची धार, वैरणपाणी, शेणघाण हे सर्व शेजारच्या दोन घरांनी आपसांत वाटून घेतले होते. पेरणीत आणि काढणीत जो पैरा चालतो तोच त्यांनी गोठ्यात चालविला होता. मी त्या मुलाशी कौतुकाने बोलू लागलो, तर तो संकोचला. “आमच्या वेळंला त्यांनी क्येलं हुतं की,” असे म्हणून त्याने पावती घडी करून त्या घरची म्हणून वेगळ्या खिशात ठेवली. येथे आणखी एक निरीक्षण नोंदवितो: रांगेतील निम्म्याहून अधिक हात बायकांचे होते, धार काढणारेही तेच, पण बहुतेक पावत्यांवर नावे पुरुषांची होती. हे बदलले पाहिजे, आणि ते बदलण्यास कायद्याची नव्हे, केवळ संगणकातील एका ओळीची गरज आहे.

चौथ्या दिवशी सकाळची पाळी आटोपल्यावर मी दुधाबरोबर निघालो. कॅन ज्या तीनचाकी वाहनात चढले त्याला लोक ‘ॲपे’ म्हणतात. हा इटालियन शब्द असून त्याचा अर्थ मधमाशी असा आहे, आणि ही मधमाशी पियाजिओच्या बारामतीतील कारखान्यातच जन्मते. चार मैलांवरील शीतकरण केंद्रात आणखी गावांचे दूध येऊन मिळाले व ते चार अंशांपर्यंत थंड झाले. तेथून टँकर बारामतीच्या वसाहतीकडे निघतो. नव्वदच्या दशकात येथे डायनॅमिक्स डेअरी उभी राहिली, पुढे तिच्यात अमेरिकेतील श्रायबर ही चीज करणारी कंपनी आली, आणि दुष्काळी मुलखातील गाईचे दूध परदेशी धर्तीच्या चीजमध्ये रूपांतरित होऊ लागले.

कोणत्याही मोठ्या प्रक्रिया कारखान्याच्या फाटकाशी टँकर एकदम रिकामा होत नाही. त्याचे तापमान पाहतात, आम्लता पाहतात, उकळून दूध फाटते काय हे पाहतात, आणि एका कागदी पट्टीवर त्यात प्रतिजैविकाचा अंश आहे काय याची परीक्षा करतात. आजींना विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मला या पट्टीत मिळाले. गाईच्या कासेला दाह झाला की पशुवैद्य प्रतिजैविक टोचतो आणि ते औषध काही दिवस दुधात उतरत राहते. तेवढे दिवस ते दूध वेगळे ठेवावे लागते, कारण चीजसाठी घातलेले जिवाणूंचे विरजण त्या अंशाने मरते आणि दूध लागतच नाही. एका गोठ्यातील एका गाईचे, लपवून घातलेले दूध शेकडो घरांच्या टँकरला परत पाठवू शकते. म्हणून भाऊंचा तो प्रश्न, म्हणून आजींचे ते उत्तर, आणि म्हणून त्या उत्तरावर ठेवलेला विश्वास. पैसा ज्याचा त्याला मिळतो, पण दुधाची अब्रू सर्वांची एकत्र असते. त्या दिवशीचा टँकर स्वीकारला गेला. पुढे ते दूध बहात्तर अंशांवर पंधरा सेकंद तापून टाक्यांत जाईल, असे मला सांगण्यात आले.

परतताना माझ्या मनात एकच गोष्ट राहिली. दूध घालणारा आपल्या शब्दावर रोज दोन वेळा परीक्षेला बसतो. त्याचे दूध मोजणाऱ्या यंत्राने महिन्यातून एकदा त्याच्यासमोर परीक्षेला बसण्यास काय हरकत आहे? मामांकडील जुने गर्बरचे चक्र व सहा नळ्या आमच्या माळ्यावर होत्या. त्या मी भाऊंना देऊन आलो आहे. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला एकच नमुना यंत्रावर आणि नळीत असा दोन्ही प्रकारे, रांगेसमक्ष तपासावयाचा व दोन्ही आकडे दरपत्रकाखाली खडूने लिहावयाचे, असे त्यांनी मान्य केले आहे. बारामती आणि इंदापूर या दोन्ही तालुक्यांतील प्रत्येक संकलकाला माझी विनंती आहे की त्यांनीही हे करावे. आणि दूध घालणाऱ्यांना विनंती आहे की त्या दिवशी पावती घेऊन लगेच घरी न जाता, नळी उजेडासमोर धरली जाईपर्यंत थांबावे.