लोखंडाची ओढ

मिरकरवाड्याच्या बाजूला गेलात, तर वेल्डिंगचे दुकान तुम्ही पाहिले असेल. डोळ्यांसमोर काळी काच धरलेला कारागीर, निळसर झगझगाट आणि उडणाऱ्या ठिणग्या! (तिकडे उघड्या डोळ्यांनी पाहू नका. डोळे सुजतात.) लोखंड सुमारे १५३८ अंश सेल्सिअसला वितळते. विजेच्या ज्योतीची उष्णता त्याहून किती तरी जास्त असते. त्यामुळे दोन तुकड्यांच्या कडा वितळून मिसळतात आणि थंड झाल्यावर एकजीव होतात.

दुकानात अशी फाटके तयार होतात. पण याच कामातून शिल्पही घडते, हे तुम्हांला ठाऊक आहे का?

धातूची मूर्ती ओतायची, तर आधी मातीची मूर्ती, मग साचा, मग वितळलेला धातू. ओतल्यावर बदल करणे कठीण. वेल्डिंगमध्ये तसे नाही. तुकडा जोडावा, लांबून पाहावा, पटला नाही तर कापून दुसरीकडे लावावा. शिल्पकार हुलिओ गोन्झालेस १९१८ साली रेनो मोटारींच्या कारखान्यात हे काम शिकले. पुढे प्रसिद्ध चित्रकार पिकासो यांनी त्यांची मदत घेतली.

मुंबईच्या पिलू पोचखानवाला (१९२३–१९८६) तर वाणिज्य शाखेच्या पदवीधर होत्या आणि जाहिरातीच्या व्यवसायात काम करत होत्या. १९५१ साली त्या युरोपला गेल्या. तेथील शिल्पे पाहून त्यांनी वाटच बदलली. कलाशाळेत न जाता, शिल्पकार ना. ग. पानसरे यांच्या मार्गदर्शनाने त्या शिकल्या. पुढे धातूची ओढ लागली. यंत्रांचे टाकाऊ भाग, पत्रे, सळया म्हणजे आपण ज्याला भंगार म्हणतो, ते त्या जोडू लागल्या. त्यांचे 'स्पार्क', म्हणजे 'ठिणगी', हे शिल्प हाजीअलीजवळच्या चौकात बसवले होते.

लोखंडाचा शत्रू गंज. रत्नागिरीकरांना हे काय सांगायचे! जून २०२० च्या वादळात 'बसरा स्टार' हे जहाज मिऱ्या किनाऱ्यावर अडकले आणि खाऱ्या हवेने त्याचे पोलाद खायला सुरुवात केली. (हे पोलाद म्हणजे तुमचे 'फौलाद'च.) म्हणून उघड्यावरच्या शिल्पाला वेळोवेळी रंग द्यावा लागतो.

शिल्पाला जागाही लागते. मुंबईत सर कावसजी जहांगीर हॉलमध्ये आधुनिक कलेचे राष्ट्रीय संग्रहालय व्हावे, म्हणून पिलूबाईंनी इतरांबरोबर खूप खटपट केली. ते १९९६ साली उघडले. पिलूबाईंना जाऊन तेव्हा दहा वर्षे झाली होती.