प्युरिफायर केवढा घ्यावा? आधी खोली मोजा

चेंबूरला राहणाऱ्या माझ्या मावशीला दमा आहे. दिवाळी सरली की मुंबईतला वारा मंदावतो, धूळ-धूर खालीच साचून राहतो आणि तिची रात्र खोकण्यात जाते. गेल्या हिवाळ्यात तिच्यासाठी एअर प्युरिफायर बघायला गेलो. खोक्यावर ठळक अक्षरांत छापलं होतं, ‘४०० चौरस फुटांसाठी’. मावशीची खोली १० बाय १२, म्हणजे १२० चौरस फूट. ती म्हणाली, "अगं, एवढा कशाला? याहून लहान चालेल की."

तिचा हिशेब बरोबर वाटतो, पण तो ज्या आकड्यावर उभा आहे तोच कच्चा आहे. कामाचा आकडा खोक्याच्या कडेला बारीक टाइपात असतो: सीएडीआर. यंत्र तासाभरात किती घनमीटर स्वच्छ हवा खोलीत सोडतं, हे तो सांगतो. त्या यंत्राचा सीएडीआर होता २५०.

आता खोली मोजायची, आणि उंचीसकट मोजायची, कारण हवा छतापर्यंत भरलेली असते. १० × १२ × १० फूट म्हणजे १,२०० घनफूट. त्याला ३५.३ने भागलं की ३४ घनमीटर. कपाट-पलंगाची जागा वजा करत बसू नका. मात्र हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये दार नसेल, तर दोन्ही मिळून एकच खोली धरा.

खोलीतली सगळी हवा तासाला निदान पाच वेळा यंत्रातून जावी, असं धरून चाला. पाच वेळा का? स्वच्छ झालेली हवा खोलीतल्या मळक्या हवेतच मिसळते. त्यामुळे खोलीभर हवा एकदा फिरली तरी सुमारे ३७ टक्के कण उरतात, दुसऱ्या फेरीनंतर १४ टक्के, तिसऱ्यानंतर ५. त्यात फटींतून नवे कण येतच असतात. म्हणून मावशीच्या खोलीला ३४ × ५, म्हणजे १७० सीएडीआर हवा. काही खोक्यांवर हा आकडा घनफूट प्रति मिनिट असा दिलेला असतो; त्याला १.७ने गुणलं की घनमीटर प्रति तास मिळतं. तिथे १०० लिहिलं असेल तर ते आपले १७०च.

मग ‘४०० चौरस फूट’ आलं कुठून? दहा फुटी छताच्या तेवढ्या जागेत ११३ घनमीटर हवा मावते. २५० सीएडीआरचं यंत्र ती तासाला जेमतेम दोनदा फिरवील. पाच फेऱ्यांचा निकष लावला, तर त्या यंत्राची खरी खोली पावणेदोनशे चौरस फुटांची.

तरी मावशीला २५० पुरेल, असं वाटेल. इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. सीएडीआर दिलेला असतो तो पंखा सर्वांत जोरात चालतानाचा. त्या आवाजात कुणाला झोप लागत नाही. रात्री पंखा हळू करावाच लागतो. मधल्या वेगावर सीएडीआर निम्म्यावर आला असं धरलं, तर उरले १२५, म्हणजे पावणेचार फेऱ्याही नाहीत. म्हणून लहान नव्हे, आम्ही उलट ३५०चं यंत्र घेतलं. मधल्या वेगावर पाच फेऱ्या होतात आणि पंख्याची नुसती घरघर ऐकू येते. मावशीला आता तिची सवय झाली आहे. बजेटमध्ये एक मोठं यंत्र बसत नसेल, तर एकाच खोलीत दोन लहान ठेवा. सीएडीआरची सरळ बेरीज होते.

दारं-खिडक्यांचाही विचार करायला हवा. सगळं बंद असलं तरी फटींतून तासाला साधारण एक खोलीभर हवा आत येते असं समजा. बाहेर पीएम २.५ची, म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांची, पातळी घनमीटरला १२० मायक्रोग्रॅम असेल, तर पाच फेऱ्यांचं यंत्र आतली पातळी २०वर आणतं. खिडकी उघडली आणि तासाला दहा खोलीभर हवा आत येऊ लागली, की तेच यंत्र ८०च्या खाली जाऊ शकत नाही. आपल्या देशाचं चोवीस तासांचं मानक ६० आहे, जागतिक आरोग्य संघटनेचं १५. म्हणजे खिडकी उघडी ठेवून कितीही महागडं यंत्र लावलं तरी पैसे पाण्यात. पण यंत्रातला हेपा फिल्टर कण अडवतो, उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड नाही. म्हणून बाहेरची हवा बरी असेल त्या वेळी खिडक्या सताड उघडाव्यात, आणि फोडणीच्या वेळी चिमणी किंवा एक्झॉस्ट लावावा.

यंत्र भिंतीपासून फूटभर पुढे ठेवा, पडद्यामागे कोंडू नका. बाहेरच्या जाळीवर धुळीचा थर बसला की सीएडीआर घसरतो. मावशीकडे ही जाळी दर पंधरा दिवसांनी साफ करतो. थंडीत ती दर वेळी राखाडी झालेली असते.

दुकानात जाण्याआधी खोलीची लांबी, रुंदी, उंची कागदावर लिहून न्या. विक्रेत्याला दोनच प्रश्न विचारा: सीएडीआर किती, आणि मधल्या वेगावर किती? दुसऱ्याचं उत्तर मिळालं नाही, तर पहिला आकडा निम्मा धरून निर्णय घ्या.