एकलहरेच्या पंख्यांपासून: मोटर-रक्षणाची पन्नास वर्षे

नाशिकजवळच्या एकलहरे औष्णिक वीज केंद्राचा पहिला संच १९७० मध्ये चालू झाला आणि दुसरा १९७१ मध्ये. पुढे १९७९ ते १९८१ या काळात २१० मेगावॉटचे तीन संच उभे राहिले. बॉयलरमध्ये हवा लोटणारे आणि धुराचे वायू चिमणीकडे ओढणारे प्रचंड पंखे प्रत्येक संचाला लागतात. याच सुमारास सातपूर-अंबडच्या कारखान्यांत छोटे एक्झॉस्ट आणि ब्लोअरही फिरू लागले. आकार वेगळा असला तरी या मोटरांचा शत्रू एकच, वाइंडिंगमधली उष्णता. ठरलेल्या मर्यादेपेक्षा तापमान दहा अंशांनी वाढले, की इन्सुलेशनचे आयुष्य साधारण निम्म्यावर येते.

छोट्या कारखान्यांत सुरुवातीला भरवसा होता तो किटकॅट फ्यूजवर. फ्यूज शॉर्टसर्किटसाठी चांगला, पण ओव्हरलोडसाठी अपुरा. मोटर चालू होताना सुमारे सहापट करंट घेते. तेवढा सोसेल असा फ्यूज घातला, तर एक फेज गेल्यावर उरलेल्या दोन फेजांतला पावणेदोन पटीच्या आसपासचा करंट त्याला जाणवतही नाही. मोटर मात्र काही मिनिटांत जळते. रिवाइंडिंगच्या दुकानांत येणाऱ्या मोटरांमध्ये एक फेज गेल्याची खूण सहज ओळखू येते: तीनपैकी काही फेजांची गुंडाळी काळी, बाकीची शाबूत.

ही उणीव बायमेटल ओव्हरलोड रिलेने भरून काढली. करंटने पट्टी तापून वाकते आणि स्टार्टर ट्रिप होतो. पंख्यांच्या बाबतीत मात्र इथे खरी अडचण येते. जड पंखा पूर्ण वेगाला यायला बराच वेळ घेतो, आणि नेहमीचा दहा सेकंदांच्या वर्गाचा रिले त्याआधीच ट्रिप होतो. मग सेटिंग वाढवले जाते आणि रक्षण संपते. योग्य उपाय म्हणजे वीस किंवा तीस सेकंदांच्या वर्गाचा रिले निवडणे आणि सेंट्रिफ्युगल पंखा डँपर (हवेची वाट अडवणारी झडप) बंद ठेवून चालू करणे. डँपर बंद असताना हवा वाहत नाही, त्यामुळे भार कमी पडतो. अनेकांची समजूत नेमकी उलटी असते.

बायमेटलचा दुसरा दोष विसराळूपणाचा. पट्टी लवकर थंड होते, मोठी मोटर होत नाही. थांबलेल्या मोटरचा स्वतःचा कूलिंग फॅनही थांबलेला असतो, म्हणून ती आणखी सावकाश निवते. अशा वेळी रिसेट करून लागोपाठ स्टार्ट दिले, तर रोटरचे बार तडकू शकतात. वीज केंद्रात धूर ओढणारा एक पंखा बंद पडला तरी संचाचा भार उतरवावा लागतो, म्हणून तो पुन्हा चालू करण्याची घाई समजण्यासारखी आहे. पुढे आलेल्या न्यूमेरिकल रिलेंनी हा प्रश्न बराच सोडवला. ते करंटवरून मोटरच्या साठलेल्या उष्णतेचा हिशेब सतत ठेवतात, मोटर बंद असतानाही, आणि ती पुरेशी निवेपर्यंत स्टार्ट अडवतात. फेजांमधला असमतोलही ते वेगळा ओळखतात.

तरीही करंटवरून काढलेली उष्णता हा अंदाजच. राखेने कूलिंगच्या वाटा बुजल्या, तर करंट नेहमीचाच राहतो आणि वाइंडिंग मात्र तापत जाते. त्यासाठी मोठ्या मोटरांच्या गुंडाळीत आरटीडी (रोधावरून तापमान मोजणारे सेन्सर) आणि लहानांमध्ये थर्मिस्टर बसवतात; त्यांतून तिथल्या तापमानाची थेट खबर मिळते.