दोनशे मैलांचा समुद्र आणि आपले कोळी बांधव

पाचूबंदर, अर्नाळा येथील आपले कोळी बांधव ज्या समुद्रावर उपजीविका करतात, तो कायद्याने कोणाचा, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

१९७६ च्या कायद्याने भारताने किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटरच्या ‘अनन्य आर्थिक क्षेत्रा’वर हक्क सांगितला. संयुक्त राष्ट्रसंघाच्या १९८२ च्या सागरी करारानेही किनारी राष्ट्रांना हा हक्क दिला; मात्र मासळीचा साठा घटू न देण्याची जबाबदारीही सोपविली. आपल्याला पकडता येत नाही ती शिल्लक मासळी इतरांना पकडू द्यावी, असेही त्यात आहे. खोल समुद्रातील मासळी वाया जाते, या युक्तिवादावर १९९१ च्या धोरणाने परदेशी भागीदारीतील जहाजांना परवाने दिले. रेडेम्प्टोरिस्ट संघाचे धर्मगुरू फादर थॉमस कोचेरी यांच्या नेतृत्वाखाली मच्छीमारांनी त्याविरुद्ध देशव्यापी आंदोलन केले. (धर्मगुरूंनी अशा गोष्टींत पडू नये, असे म्हणणारे तेव्हाही होते.) अखेर १९९६ मध्ये मुरारी समितीने ते परवाने रद्द करण्याची शिफारस केली.

परदेशी जहाजांचा प्रश्न असा लढला गेला. आपल्याच यांत्रिक नौकांचा मात्र तसाच राहिला. पहिल्या १२ मैलांतील मासेमारी राज्याच्या अखत्यारीत येते. महाराष्ट्राचा १९८१ चा कायदा तेवढ्यापुरताच आहे. त्यापुढे अधिकार केंद्राचा. पण केंद्राचा १९८१ चा कायदा केवळ परदेशी नौकांसाठी होता. परिणामी, १२ मैलांपलीकडे देशी ट्रॉलरने कसे वागावे, याची सर्वंकष नियमावली अनेक दशके नव्हती. २०१७ मध्ये एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी आली, तीही स्वतंत्र आदेशाने. मासळीला मात्र ही बारा मैलांची रेषा ठाऊक नसते. बाहेर अमर्याद उपसा झाला, तर किनाऱ्याजवळची जाळी रिकामी येतात. आणि प्रामाणिकपणे सांगायचे, तर पापलेटची पिल्ले आपल्या डोलीतही येतातच. पापलेट २०२३ मध्ये राज्यमासा झाला, तो त्याच्या घटत्या संख्येमुळेच.

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने अनन्य आर्थिक क्षेत्रासाठी नवे नियम जाहीर केले. त्यानुसार यांत्रिक नौकांना तेथे जाण्यासाठी विनामूल्य प्रवेशपास घ्यावा लागतो; पारंपरिक व लहान नौकांना त्यातून सूट आहे. परदेशी नौकांना मनाई असून सहकारी संस्थांना प्राधान्य आहे. हे प्राधान्य खऱ्या कोळ्यांच्या संस्थांना मिळते की मच्छीमारांच्या नावाने उभ्या राहिलेल्या भांडवलदारांना, याकडे आपल्या मच्छीमार सोसायट्यांनी आतापासूनच लक्ष ठेवावे.