सायकल चालवूनही उरणारा ताण
(लेखमाला : चाळिशीनंतरचे हृदय – भाग ६)

गेल्या आठवड्यात आपण रक्तातल्या चरबीचा अहवाल कसा वाचायचा ते पाहिले. आजचा विषय त्या अहवालात कुठेच उमटत नाही. पहाटे न्हावरे-चौफुला रस्त्याने, रांजणगावच्या गणपतीकडे किंवा दौंडहून भीमा ओलांडून सिद्धटेककडे सायकल काढणाऱ्या माणसाचे वजन आटोक्यात असते, दम चांगला असतो, नाडी शांत असते. दिवसाचे उरलेले तास मात्र तो रांजणगाव किंवा कुरकुंभच्या कारखान्यात पाळ्यांत घालवतो, दौंड जंक्शनवर ड्युटी करतो, राखीव पोलीस दलातर्फे बंदोबस्ताला जातो, किंवा ऊस आणि कांद्याचे हिशेब जुळवत बसतो. ‘कामाचा ताण आहे खरा, पण तो मी सायकलवर काढून टाकतो,’ अशी त्याची समजूत असते. ही समजूत अर्धी खरी आहे, आणि धोका उरलेल्या अर्ध्यात आहे.

खरा भाग आधी मान्य करू. जेरी मॉरिस यांनी १९५३ साली लंडनच्या बसचालकांची आणि जिन्यावरून दिवसभर वरखाली करणाऱ्या कंडक्टरांची तुलना केली. बसून काम करणाऱ्या चालकांमध्ये हृदयविकार स्पष्टपणे जास्त आढळला. पुढे १९९३ साली अमेरिकेत मिटलमन आणि सहकाऱ्यांनी जोरकस श्रमाच्या वेळी हृदयविकाराचा झटका येण्याचा धोका मोजला. एरवी काहीच व्यायाम न करणाऱ्यांमध्ये तो त्या तासापुरता शंभर पटींहून अधिक वाढत होता, तर आठवड्यातून पाच किंवा अधिक वेळा व्यायाम करणाऱ्यांमध्ये जेमतेम अडीच पट. मुळात एका तासाचा धोका अगदी क्षुल्लक असतो, म्हणून अडीच पटीला घाबरायचे कारण नाही. कुणाच्या झटक्याची बातमी ऐकून सायकल अडगळीत टाकणे हा सर्वांत वाईट निर्णय ठरेल.

पण ताणाचा हिशेब वेगळा मांडावा लागतो. ५२ देशांत झालेल्या आणि २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इंटरहार्ट’ अभ्यासात पहिल्या झटक्याची नऊ कारणे तपासली गेली. व्यायामाचा अभाव हे त्यांतले एक कारण होते. घर, काम आणि पैसा यांचा ताण, नैराश्य आणि आयुष्य आपल्या हातात नसल्याची भावना हे दुसरे, स्वतंत्र कारण होते, आणि त्याचा वाटा जवळजवळ एक तृतीयांश निघाला. म्हणजे व्यायामाचा रकाना भरला म्हणून ताणाचा रकाना आपोआप भरत नाही. याच अभ्यासातून आणखी एक गोष्ट पुढे आली, ती आपल्यासाठी फार महत्त्वाची आहे : दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला झटका साधारण ५३व्या वर्षी येतो, इतरांना ५९च्या आसपास. पाळ्यांच्या कामाबद्दलही पुरावा भक्कम आहे. वीस लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करणाऱ्या २०१२ सालच्या विश्लेषणात पाळ्यांत काम करणाऱ्यांना झटक्याचा धोका सुमारे २३ टक्के जास्त दिसला. शरीरात काय घडते तेही आता पुष्कळसे कळले आहे. रात्री उतरायला हवा तो रक्तदाब उतरत नाही, ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसोल चढे राहतात. भीती आणि धोका ओळखणारा मेंदूतला अमिग्डाला हा भाग सतत जागा राहिला की अस्थिमज्जा जास्त सक्रिय होते आणि रोहिण्यांच्या भिंतींत दाह वाढतो, असा परस्परसंबंध २०१७ साली स्कॅनच्या आधारे दाखवला गेला.

यावर आक्षेप येतो की सायकलवरून उतरल्यावर मन हलके होते, तो अनुभव खोटा कसा? तो खोटा नाही. प्रश्न एवढाच आहे की तेवढे पुरते का. ड्यूक विद्यापीठातील जेम्स ब्लूमेन्थाल यांनी २०१६ साली १५१ हृदयरुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. सगळ्यांना व्यायामाचा कार्यक्रम होता, निम्म्यांना त्यासोबत ताण हाताळण्याचे प्रशिक्षणही दिले. पुढच्या काही वर्षांत फक्त व्यायाम करणाऱ्यांपैकी ३३ टक्क्यांना झटका, मृत्यू, पुन्हा अँजिओप्लास्टी अशा घटनांना तोंड द्यावे लागले, प्रशिक्षण घेतलेल्यांपैकी १८ टक्क्यांना. अभ्यास लहान होता आणि ती माणसे आधीच आजारी होती, हे लक्षात ठेवलेच पाहिजे. शिवाय भारतात २४ रुग्णालयांतल्या जवळपास ४,००० रुग्णांवर झालेल्या योगविषयक चाचणीत (२०२०) पुढचे झटके किंवा मृत्यू निश्चितपणे कमी झाले असे सिद्ध झाले नाही, पण रुग्णांना बरे वाटणे आणि पूर्वीच्या कामावर परतणे सुधारले. मला यातून निघणारा निष्कर्ष असा दिसतो : ताण हृदयाला मारक आहे याचा पुरावा दणकट आहे, पण अमुक एक उपाय तो नक्की घालवेल याचा पुरावा त्या मानाने पातळ आहे. म्हणून ताण उतरवण्याच्या युक्त्यांपेक्षा ताण घडवणाऱ्या गोष्टींना आधी हात घालावा, आणि त्यात पहिली येते अपुरी झोप.

इथे सायकलच उलटू शकते. रात्रपाळी करून सकाळी सातला घरी आलेला माणूस ‘आज राइड चुकायला नको’ म्हणून थेट बाहेर पडतो. २०० किलोमीटरची ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड) साडेतेरा तासांत पूर्ण करायची असते, ग्रुपवर सगळ्यांचे आकडे आलेले असतात, गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या चुकवत रस्ता कापायचा असतो. झोपेतून उधार घेतलेली ही राइड व्यायाम म्हणून मोजली जाते, पण शरीर तिला आणखी एक पाळी समजते. रात्रपाळीनंतर आधी झोपावे, संध्याकाळी हलकी सायकल काढावी. सकाळी उठल्यावरची नाडी नेहमीपेक्षा सात-आठ ठोक्यांनी जास्त असेल तर त्या दिवशी जोर लावू नये. आठवड्यातल्या निदान एका फेरीत घड्याळ घरी ठेवावे. मिनिटाला सहा या गतीने केलेल्या संथ श्वसनाने रक्तदाब सांभाळणारी प्रतिक्षिप्त क्रिया सुधारते, हे २००१ सालच्या इटलीतल्या प्रयोगात दिसले आहे. त्याला खर्च नाही, अपाय नाही, म्हणून ते जरूर करावे.

‘माझी टीएमटी (ट्रेडमिलवर चालवून घेतलेली हृदयाची चाचणी) नॉर्मल आहे’ हा शेवटचा आक्षेप. ही चाचणी रक्तप्रवाह अडवण्याइतके मोठे अडथळे दाखवते. पण पुष्कळ झटके रोहिणीतला चरबीचा लहान, मऊ थर अचानक फुटून त्यावर गुठळी झाल्याने येतात, आणि असा थर टीएमटीत दिसेलच असे नाही. म्हणून नेहमीच्या चढावर नेहमीपेक्षा लवकर दम लागणे, छातीत आवळल्यासारखे होऊन ते जबड्याकडे किंवा डाव्या हातात जाणे, थंड घाम सुटणे, यांपैकी काहीही झाले की सायकल तिथेच थांबवावी. तंदुरुस्त माणूस ते पित्तावर ढकलतो आणि तासभर वाट पाहतो. शिरूर असो वा दौंड, पुणे साठ-सत्तर किलोमीटरहून जवळ नाही. रुग्णवाहिकेसाठी १०८ला फोन करून सर्वांत जवळच्या रुग्णालयात जावे आणि पोहोचल्यापासून दहा मिनिटांत ईसीजी काढायला सांगावे. मोठ्या रुग्णालयात दोन तासांत अँजिओप्लास्टी होणे शक्य नसेल, तर गुठळी विरघळवणारे इंजेक्शन जवळच्या ठिकाणीच देता येते. हे इंजेक्शन कुणाला चालते, कुणाला चालत नाही आणि ते दिल्यानंतर पुढे काय करायचे, ते पुढच्या आठवड्यात.