ताटातली भाकर कुठे गेली?

आपल्या घरांत आता भाकरीचे पीठ पाहुणे आले की विकत आणतात, तेही बहुतेक ठिकाणी गव्हाच्या पिठापेक्षा महाग. गरिबाचे म्हणून हिणवलेले अन्न असे दुर्मिळ कसे झाले?

आवड बदलली, असे आम्हाला वाटत नाही. पूर्वी शेतमजुरी पायलीने, ज्वारीत मिळायची. शेतात जे पिके तेच मजुराच्या चुलीवर जाई. बांधावरचा तांदुळजा, घोळ, पाथरी ही भाजी फुकटची. 1972 च्या दुष्काळात ज्वारीच उरली नाही. रेशनवर परदेशी तांबडा मिलो आणि दुष्काळी कामावर सुकडी, यांवर घरे तगली. पुढे मजुरी रोख झाली, मराठवाडा-विदर्भात ज्वारीच्या जागी सोयाबीन आले, तणनाशकाने तणाबरोबर रानभाजीही गेली. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने माणशी महिना 5 किलो धान्य मिळू लागले, 2023 पासून ते मोफत आहे. पोट भरले, ही मोठीच गोष्ट. तिला नावे ठेवणारे सहसा पोटभर जेवलेले असतात! मात्र कायद्यात भरड धान्य असूनही पिशवीत येतो तो बहुधा गहू-तांदूळच.

गव्हाला आम्ही दोष देत नाही. कोंड्यासकट दळलेल्या गव्हात ज्वारीइतकेच तंतू असतात. कमतरता आहे पांढऱ्या तांदळात आणि मैद्याच्या बिस्किटांत. 100 ग्रॅम ज्वारीत सुमारे 10 ग्रॅम तंतू, पॉलिशच्या तांदळात 3 ग्रॅमच्या आत. बाजरीत सुमारे 6 मिलिग्रॅम लोह, साध्या पॉलिशच्या तांदळात 1 मिलिग्रॅमहूनही कमी. रक्त कमी असलेल्या आपल्या आयाबहिणींसाठी हा फरक लहान नाही.

रोज भाकर परवडणार नाही, हे आम्ही जाणतो. आठवड्यातून तीन-चार वेळा झाली तरी चालेल. गव्हाचे पीठ चाळून कोंडा टाकू नका. बाजरीतले लोह शरीराला सहज मिळत नाही, म्हणून सोबत लिंबू किंवा कच्चा टोमॅटो घ्या आणि जेवणाला लागून चहा टाळा. तासाभराचे अंतर ठेवा. साखरेचा आजार असलेल्यांनी ज्वारीची भाकरही मोजूनच खावी, आणि भाकर सुरू केली म्हणून डॉक्टरांना न विचारता गोळ्या बंद करू नयेत.