लहान झालेले जठर आणि तळ्यातली मासळी

शस्त्रक्रिया करून वजन उतरविलेल्या माणसांविषयी पूर्वी आपण फक्त वर्तमानपत्रांत वाचत होतो. नितीन गडकरी यांनी २०११ साली मुंबईस अशी शस्त्रक्रिया करून घेतली, तेव्हा मराठी घरांतून तिची पुष्कळ चर्चा झाली. आता इंदुरातही ती नित्याची झाली आहे, आणि इंदूर अमझेऱ्याहून काही तासांच्याच वाटेवर आहे. मधुमेह, धाप आणि गुडघे यांनी टेकीस आलेला माणूस शस्त्रक्रिया करून थोड्याच दिवसांत घरी येतो. दवाखाना त्याच्या हाती एक कागद देतो. त्यावर बहुधा लिहिलेले असते की रोज ६० ते ८० ग्रॅम प्रथिने पोटात गेली पाहिजेत. तो कागद भिंतीवर चिकटविला जातो, आणि चुलीवर नेहमीप्रमाणे मक्याची भाकरी व तुरीचे पातळ वरण शिजते. कागद आणि चूल यांतले हे अंतर कसे भरावयाचे, एवढाच विचार येथे करावयाचा आहे.

ह्या शस्त्रक्रियेचे दोन प्रकार आपल्याकडे अधिक चालतात. एकात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश किंवा थोडा अधिक भाग कापून काढतात व केळ्याच्या आकाराची नळी तेवढी शिल्लक ठेवतात. दुसऱ्यात जठराच्या वरच्या टोकाला लहानशी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात. दोन्हींत भूक कमी होते आणि चार घासांत पोट भरते. वजन उतरते ते त्यामुळे. परंतु उतरणाऱ्या वजनात केवळ चरबी नसते. प्रथिने कमी पडली की शरीर स्वतःचे मांस, म्हणजे स्नायू, खाऊ लागते. काटा पाहून घरची मंडळी आनंदतात आणि माणसाला मात्र पाण्याची कळशी उचलवत नाही. शेतकऱ्याच्या बाबतीत हे नुकसान फार मोठे आहे, कारण त्याचे हातपाय हेच त्याचे भांडवल.

आता हिशेब पाहू. एक वाटी चांगल्या घट्ट वरणात साधारण ६-७ ग्रॅम प्रथिने असतात. केवळ वरणावर ६० ग्रॅम गाठावयाचे तर नऊ-दहा वाट्या लागतील, आणि ह्या माणसाला एका वेळेस अर्धी वाटी जेमतेम जाते. भाकरीची गोष्ट तर सोडाच. तिने जागा भरते आणि हाती थोडेच लागते. याउलट रोहू किंवा कटल्याच्या १०० ग्रॅम मांसात १६ ते १९ ग्रॅम प्रथिने मिळतात. दिवसातून दोन वेळा मिळून तेवढी मासळी, दोन अंडी, अर्धा लिटर दूध किंवा त्याचे दही, ५० ग्रॅम पनीर आणि अर्धी वाटी घट्ट वरण, एवढे पाच-सहा वेळांत विभागून घेतले तर आपण ६० च्या आसपास येतो. एखाद्याला दवाखान्याने याहून अधिक आकडा दिला असेल, तर तोच त्याने पाळावा.

कोंबडीतही प्रथिने भरपूर असतात, मग मासळीचाच आग्रह का? झाबुआच्या कडकनाथाला २०१८ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला आणि आपल्या भागाला त्याचा अभिमान आहे. पण नवे पोट त्याच्यावर घालणे शहाणपणाचे नाही. कोंबडी-बकऱ्याच्या मांसाचे तंतू लांब व चिवट असतात आणि पहिल्या काही महिन्यांत तेच घास छातीशी अडकतात. माशाच्या मांसाचे तंतू आखूड असतात, त्यांना बांधणारा पडदा पातळ असतो आणि थोड्याच उष्णतेत तो विरघळतो. म्हणून शिजलेला मासा बोटाच्या दाबाने पाकळीपाकळीने सुटतो. जे बोटाने सुटते ते लहान जठरालाही सोपे जाते.

मात्र घाई नको. सुरुवातीचे दिवस पातळ पदार्थांचे, त्यानंतरचे कालवून एकजीव केलेल्या अन्नाचे. मासळीची पाळी बहुधा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून येते, तीही आपल्या डॉक्टरांनी होकार दिल्यावर. पहिल्या दिवशी दोन चमचे पुरेत. हळद, आले, लसूण आणि बेताचे मीठ घालून तुकडे थोड्या पाण्यात मंद शिजवावे, अथवा इडलीपात्रात वाफवावे. पळसाच्या किंवा केळीच्या पानात गुंडाळून विस्तवाच्या कडेला भाजले तरी उत्तम; पानिये करणाऱ्या घरांना ही युक्ती शिकविण्याची गरज नाही. मग काटे काढून, मांस कुस्करून, त्यातच त्याचा रस्सा घालून ओलसर करावे. हा ओलसरपणा महत्त्वाचा आहे. सकाळचा मासा संध्याकाळी पुन्हा तापविला की कोरडा पडतो आणि नेमका तोच अडकतो. तळलेली मासळी व लाल मिरचीचा तवंग असलेले कालवण काही महिने दूर ठेवावे. दुसऱ्या प्रकारची शस्त्रक्रिया झालेल्यांना तेलकटाने मुरडा आणि जुलाब होतात.

जेवताना आधी मासळी, मग भाजी, आणि जागा उरली तर भाकरीचा तुकडा. घास बोराएवढा घ्यावा, पुष्कळ चावावा, जेवण अर्ध्या तासात संथपणे संपवावे. जेवणाबरोबर पाणी पिऊ नये. अर्ध्या तासाने घोट घोट प्यावे. छातीत दाटल्यासारखे वाटताच ताट बाजूला करावे, एकही घास उरकू नये.

काट्यांची अडचण खरी आहे. रोहू, कटला आणि मृगळ या तिन्हींच्या मांसात बारीक दुहेरी काटे असतात. पोटाकडच्या भागात ते कमी, शेपटीकडे जास्त. म्हणून पोटाकडचा तुकडा रुग्णासाठी काढून ठेवावा. मरळ आणि पंगस यांना असे काटे जवळजवळ नसतात. तिलापियाचेही काटे सहज निघतात. सुकटीत प्रथिने फार, पण मीठही फार. रक्तदाबाच्या रुग्णाने ती टाळलेली बरी. वजन झपाट्याने उतरत असताना काहींच्या रक्तातील युरिक ॲसिड वाढून अंगठ्याचा सांधा सुजतो. ज्यांना हा त्रास पूर्वीपासून आहे, त्यांनी मासळीचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

समुद्र आपल्यापासून लांब आहे, मग ताजी मासळी कोठून आणावयाची? मही नदी आपल्याच सरदारपूर तहसिलीत, मिंडा गावाजवळ उगम पावते, परंतु उन्हाळ्यात तिच्यावर भिस्त ठेवता येत नाही. खरा आधार तळ्यांचा. देवासचे उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावे. १९९० च्या सुमारास त्या शहराला आगगाडीने पाणी आणावे लागले होते. २००६ पासून जिल्हाधिकारी उमाकांत उमराव यांच्या पुढाकाराने तेथील शेतकऱ्यांनी स्वतःच्या जमिनीचा एक भाग सोडून तळी खोदली. त्यांना ‘रेवासागर’ असे सुंदर नाव मिळाले, आणि अशी हजारो तळी त्या जिल्ह्यात झाली. तळी खोदली ती सिंचनासाठी, पण पाणी पुरेसा काळ टिकले की त्यात मासे वाढविता येतात. कटला वरच्या थरातले खातो, रोहू मधल्या, मृगळ तळचे. म्हणून तिघे एकत्र नांदतात आणि वर्षभरात किलोच्या जवळपास पोचतात. बीज मिळणे सोपे झाले ते डॉ. हिरालाल चौधरी यांच्यामुळे. १० जुलै १९५७ रोजी त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओरिसात संप्रेरकाची सुई देऊन ह्या माशांचे प्रजनन घडवून आणले. तो दिवस आता देशभर मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळतात.

तळे घरचे असले तर एक पथ्य कडकपणे पाळावे. कापूस-सोयाबीनवर औषध मारलेला पंप तळ्यात धुवावयाचा नाही, आणि फवारलेल्या शेताचे पाणी थेट तळ्यात उतरू द्यावयाचे नाही. रुग्णाच्या ताटात जाणारी मासळी त्याच पाण्यात वाढते. बाजारातून घ्यावयाची असेल तर कल्ले लाल, डोळा फुगीर आणि मांस दाबल्यावर वर येणारे असावे. कल्ले फिके पडलेला मासा स्वस्त मिळाला तरी घेऊ नये.

घरच्या मंडळींना दोन शब्द. लग्नात, बारशात “अजून एक घास घे” हा आपला प्रेमाचा आग्रह ह्या माणसाला उलटीकडे नेतो. ताडी आणि महुआची दारू तर वर्ज्यच समजावी. शस्त्रक्रियेनंतर थोडीशी दारूही लवकर व अधिक चढते, आणि काहींना पुढे तिचे व्यसन जडते. प्रायश्चित्तकाळात मांस वर्ज्य असले तरी मासळीला मनाई नाही, ही गोष्ट येथे सोयीचीच. पण उपवासाचा नियम आजारी माणसावर बंधनकारक नाही. अशा स्त्रीपुरुषांनी शुभ शुक्रवारीही आपली अर्धी वाटी वेळेवर खावी आणि मनाला टोचणी लावून घेऊ नये.

मासळीने सर्व भागते असे मात्र नाही. लोह, कॅल्शियम, बी-१२ आणि ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात, आणि ठरल्या वेळी रक्त तपासावे लागते. पैसे वाचविण्यासाठी पहिल्या वर्षानंतर गोळ्या बंद करणारे पुष्कळ आहेत. त्यांना हातापायांना मुंग्या येऊ लागल्या की मगच दवाखाना आठवतो. तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात, ते बहुधा परत येतात. पण उलट्या थांबत नसतील, पाणीही ठरत नसेल, डोळ्यांपुढे दोन दोन दिसत असेल किंवा चालताना तोल जात असेल, तर सकाळची वाट न पाहता इंदूर गाठावे. ब-१ जीवनसत्त्व संपल्याची ती खूण असू शकते आणि उशीर झाल्यास मेंदूला कायमची इजा होते.

१६ जून ते १५ ऑगस्ट मध्य प्रदेशात नद्यांतील मासेमारी बंद असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ. नदीशी न जोडलेल्या लहान तळ्यांना ही बंदी नाही. तरीही पावसात मासळी महाग होते आणि लवकर नासते. त्या दोन महिन्यांत अंडी वाढवावी, दह्याला फडक्यात टांगून घट्ट करावे आणि सोयाबीनच्या वड्या भिजवून, पिळून, बारीक वाटून वरणात घालाव्या. सोयाबीन तर आपल्याच शेतात पिकते, आणि त्या वड्यांच्या निम्म्या वजनाइतकी प्रथिने असतात. पहिल्यांदा मात्र चमचाभरच द्यावे, कारण तिने काहींना गुबारा धरतो.